सायलेन्सरवरचा कर गेला, नोंद उरली

सायलेन्सर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटारसायकल येते. पोरे तो काढून टाकतात किंवा बदलून घेतात, गल्ली दणाणून सोडतात आणि मग एखाद्या दिवशी पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात. आपल्याकडे तक्रार आवाज वाढल्याची असते. अमेरिकेत मात्र नव्वद वर्षांपासून कायदा आहे तो आवाज कमी करण्यावर, कारण तिथला हा सायलेन्सर बंदुकीचा आहे.

गंमत म्हणजे दोन्ही सायलेन्सर भाऊभाऊच. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन इंजिनिअरने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले आणि पुढे तेच तत्त्व इंजिनांचा आवाज दाबण्यासाठीही वापरले. टबातले पाणी भोवरा करत निचरताना पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. गोळीमागोमाग नळीतून उसळणारा तप्त वायू एकदम बाहेर न सोडता आडपडद्यांतून फिरवत, थंडावत सोडायचा, इतकेच. या मॅक्सिमचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम म्हणजे मशीनगनचे जनक. आपल्याच बंदुकांच्या आवाजाने ते उतारवयात बहिरे झाले होते!

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात गुंडांच्या टोळ्यांनी शहरे वेठीस धरली होती. १९२९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभे करून मारले, तेव्हा सारा देश हादरला. पण शस्त्रांवर सरळ बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे का, याविषयी सरकारातच शंका होती. कर बसवण्याचा अधिकार मात्र निर्विवाद होता. म्हणून रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत १९३४ साली जो राष्ट्रीय शस्त्र कायदा झाला, तो कराच्या वाटेने आला. मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांच्या प्रत्येक हस्तांतरणावर दोनशे डॉलर कर, शिवाय मालकाची सरकारदरबारी नोंद. नोंद चुकवली तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दोनशे डॉलर म्हणजे त्या वेळी केवढी रक्कम! आजच्या हिशेबात साडेचार हजार डॉलरच्याही वर. खुद्द सायलेन्सर तेव्हा काही डॉलरांत मिळत असे. म्हणजे नाव कराचे, काम बंदीचे. पण ही रक्कम पुढे कोणी वाढवलीच नाही. महागाईने ती कुरतडत नेली आणि आपल्या काळापर्यंत ती लग्नाच्या खर्चात बँडवाल्याच्या बक्षिसीएवढी उरली. २०२१ साली अमेरिकेत सव्वीस लाखांवर सायलेन्सर नोंदलेले होते.

हा करही नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा कानांचा आहे आणि तो पोकळ नाही. सिनेमातला खलनायक पिस्तुलाला लांब नळी लावतो आणि नुसता ‘फुस्स’ असा आवाज येतो, ते खोटे आहे. रायफलचा आवाज साधारण १६० डेसिबलच्या घरात असतो. सायलेन्सर त्यातले वीस-तीस डेसिबल कमी करतो, शिवाय आवाजाहून वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका उरतोच. १४० डेसिबलच्या पुढचा एकच धमाकाही कानाला कायमची इजा करू शकतो. अमेरिकेच्या निवृत्त सैनिकांना ज्या व्याधींसाठी भरपाई मिळते, त्यांत कानात सतत गुणगुण होणे ही सर्वांत अधिक आढळते. फिनलंड-नॉर्वेत शिकारी सर्रास सायलेन्सर लावतात आणि कोणाला त्याचे नवल वाटत नाही.

दुसरी बाजू व्हर्जिनिया बीच शहराने पाहिली. ३१ मे २०१९ रोजी तिथल्या महापालिकेच्या इमारतीत एका कर्मचाऱ्याने बारा जणांचे प्राण घेतले. त्याच्या पिस्तुलाला रीतसर घेतलेला सायलेन्सर होता. आतल्या काही जणांना तो गोळीबाराचा आवाज वाटलाच नाही. आवाज ओळखला तर माणूस दार लावून घेतो, जिन्याने पळतो. कान वाचवणारे साधन अशा वेळी जीव वाचवणारी सूचनाच कमी करते.

राजकारणात तर योगायोग विलक्षण घडले. सायलेन्सर या कायद्यातून वगळण्याचे कलम असलेल्या विधेयकावर १४ जून २०१७ला सुनावणी ठरली होती. त्याच सकाळी बेसबॉलचा सराव करणाऱ्या संसद सदस्यांवर गोळीबार झाला आणि सुनावणी रद्द झाली. विषय पुन्हा वर आला, तोच १ ऑक्टोबरला लास व्हेगासच्या संगीत महोत्सवावर गोळ्यांचा वर्षाव झाला. विधेयक बासनात गेले.

२०२५ साली ते वेगळ्या दाराने आत आले. ट्रम्प यांच्या प्रचंड कर-विधेयकात कनिष्ठ सभागृहाने सायलेन्सर या कायद्यातून साफ काढून टाकला. सिनेटच्या नियम-सल्लागारांनी हरकत घेतली: अर्थविषयक विधेयकाच्या सवलतीच्या वाटेने नोंदणीचे नियम बदलता येणार नाहीत. मग तडजोड झाली. कर शून्य, नोंद कायम. ४ जुलै २०२५ला सही झाली आणि १ जानेवारी २०२६पासून सायलेन्सरवर एक सेंटही कर नाही. मशीनगनवरचे दोनशे डॉलर मात्र जिथल्या तिथे.

आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. आपले शस्त्र नियम अशा साधनांना निषिद्ध वर्गात घालतात. पण आज कितीतरी घरांतली मुले-सुना तिकडे आहेत, म्हणून हेही सांगून ठेवावे की केंद्राचा कायदा बदलला तरी राज्यांचे कायदे निराळे आहेत. टेक्सासमध्ये सायलेन्सर चालतो, न्यू जर्सी, न्यू यॉर्क व कॅलिफोर्नियात सामान्य नागरिकाला त्याची बंदी आहे.

आमच्या मते कर गेला याचे फारसे दुःख करू नये; गरिबाने कान फोडून घ्यावेत आणि श्रीमंताने पैसे भरून वाचवावेत, यात कसला न्याय? नोंद मात्र राहायला हवी. फिनलंडचा दाखला देणारे एक गोष्ट सोयीस्करपणे गाळतात. तिथे मुळात बंदुकीलाच परवाना लागतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात साधी रायफल घ्यायला परवाना नाही. दुकानदार तुमची पूर्वपीठिका तपासतो आणि तुम्ही बंदूक घेऊन बाहेर पडता. बोटांचे ठसे, फोटो आणि कायमची नोंद ही चाळणी लागते ती सायलेन्सरसारख्या मोजक्या वस्तूंनाच.

आणि नेमकी ती चाळणीच आता डळमळीत झाली आहे. १९३७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला, तो कर बसवण्याच्या अधिकारावर. नव्या कायद्यावर सही होताच बंदूकप्रेमी संघटनांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांचा सवाल असा की नोंद होती ती कर वसूल व्हावा म्हणून. कर शून्य झाला, तर नोंद कशासाठी?