दोन तास, एक गाव

युरोपची सहल करून आलेल्या मंडळींना ‘काय काय पाहिलेत?’ असे विचारले, की उत्तर बहुधा आकड्यांत येते. बारा दिवस, सात देश, अकरा शहरे. यात टिंगल करण्याजोगे काही नाही. वर्षानुवर्षे पैसे साठवायचे, व्हिसासाठी रांगा लावायच्या, घराला कुलूप घालून शेजाऱ्यांना किल्ली द्यायची. एवढे केल्यावर जे पदरात पडेल ते जास्तीत जास्त असावे, असे कोणालाही वाटणारच. शिवाय बस दारात येते, रात्री वरणभात मिळतो, सोबत आपली भाषा बोलणारी चाळीस माणसे असतात. हे सुख खोटे नाही. पण परत आल्यावर महिन्याभरातच फोटोंतली चर्चे एकमेकांत मिसळतात. हा मनोरा कुठल्या गावचा, यावर घरात वाद सुरू होतात, आणि अखेर ‘असेल कुठला तरी’ यावर तडजोड होते.

माझे म्हणणे साधे आहे. त्या सात देशांपैकी एक गाळावा, आणि वाचलेल्या वेळातून अर्धा दिवस एखाद्या मध्यम आकाराच्या जुन्या गावाला द्यावा. तिथे स्थानिक वाटाड्या घ्यावा, फक्त आपल्या कुटुंबापुरता. दोन तास त्याच्याबरोबर पायी हिंडावे, आणि गावाला ज्याची लाज वाटते तेही दाखवा, असे त्याला आवर्जून सांगावे. गावाचे नुसते कौतुक ऐकायचे असेल, तर ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेले असते.

हे मी रेगेन्सबुर्गच्या अनुभवावरून म्हणतो. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात डॅन्यूब नदीच्या काठी हे गाव आहे. म्युनिकहून आगगाडीने साधारण दीड तास. पत्नी आणि आठवीतली नात बरोबर होती. वाटाड्या म्हणून आलेल्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या. इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ बोलत. त्यांनी पहिल्यांदा आमच्या पायांतल्या वहाणांकडे पाहिले, मान डोलावली आणि मगच चालायला सुरुवात केली. त्या फरसबंदी रस्त्यांवर वहाणा नीट नसतील, तर इतिहास पायांनाच कळतो.

सुरुवात दगडी पुलापासून. ११३५ ते ११४६ या काळात बांधलेला हा पूल तीनशे मीटरांहून लांब. मुळात सोळा कमानींचा. बाईंनी आधी गावची दंतकथा सांगितली. पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांच्यात पैज लागली. पूलवाल्याने सैतानाची मदत घेतली. मोबदला म्हणून पुलावरून जाणारे पहिले आठ पाय सैतानाचे. काम झाल्यावर पठ्ठ्याने एक कोंबडा, एक कोंबडी आणि एक कुत्रा पुढे हाकलला. दोन, दोन आणि चार मिळून आठ! नात खूश. लगेच बाई म्हणाल्या, “आता खरे सांगते. आजचे कॅथेड्रल १२७३ च्या आगीनंतर सुरू झाले. म्हणजे पूल पुरा होऊन सव्वाशे वर्षे उलटली होती. पैज लागणार कोणाशी?” गोष्टही सांगायची आणि तिचे गणितही तपासायचे, ही त्यांची पद्धत तिथेच कळली. पुढचे दोन तास त्यांच्यावर विश्वास ठेवायला तेवढे पुरेसे होते.

डॅन्यूबवर असा भक्कम पूल दुसरीकडे नव्हता, तेव्हा व्यापार इथून जाऊ लागला. व्यापाऱ्यांकडे पैसा आला आणि त्यांनी घरांना इटलीच्या धर्तीवर उंच मनोरे बांधले. राहण्यासाठी कमी, मिरवण्यासाठी जास्त. ‘शेजाऱ्याच्या घरापेक्षा आपले घर उंच’ ही आकांक्षा कुठल्या एका देशाची नाही, हे पाहून आम्हाला बरे वाटले.

तिथून बाईंनी एका भिंतीपाशी नेले. साध्याशा इमारतीच्या दर्शनी भागात काळपट, अवाढव्य चिरे आणि एक कमान. हे रोमन छावणीचे उत्तरेकडचे दार. इसवी सन १७९ मध्ये, मार्कस ऑरेलियसच्या राज्यात, इथे लष्करी तळ पुरा झाला. सैन्य गेले, साम्राज्य गेले आणि लोकांनी ते दार आपल्या भिंतीत घेतले. “तयार दगड आहे, फुकट आहे, कोण सोडणार?” बाई म्हणाल्या. “या गावात भिंती नीट पाहात चला. दगड कुठून आला, हे विचारत चला.” तेव्हा ते वाक्य गमतीचे वाटले. तासाभराने त्याचा अर्थ बदलणार होता.

जुन्या नगरभवनात पवित्र रोमन साम्राज्याची संसद १६६३ पासून १८०६ पर्यंत अखंड भरत राहिली. बसली ती उठलीच नाही! एखादे काम रेंगाळत ठेवण्याला जर्मन भाषेत ‘लांब बाकावर सरकवणे’ म्हणतात. तो बाक इथलाच, असे गावकरी अभिमानाने सांगतात. त्याच वास्तूच्या तळघरात आरोपींचा छळ करून जबाब घेण्याची खोली जशीच्या तशी राखली आहे. वर कायद्यावर चर्चा, खाली दोर आणि शिड्या. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा केप्लर संसद कायमची बसण्याच्याही आधी, १६३० साली, थकलेले पैसे मिळवण्याच्या खटपटीत या गावात आला आणि इथेच आजारी पडून वारला. पुढे तीस वर्षांच्या युद्धात त्याची कबरही नाहीशी झाली.

इथवरचा फेरफटका कुठल्याही चांगल्या वाटाड्याने घडवला असता. पुढे नॉयफारप्लाट्झ हा चौक आला आणि बाईंची चाल मंदावली.

आज हा चौक मोकळा, उन्हाचा. मधोमध एक चर्च, बाजूला दुकाने. १५१९ पर्यंत इथे ज्यूंची वस्ती होती. या गावातल्या ज्यूंचा लेखी उल्लेख इसवी सन ९८१ इतका जुना. म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे ही माणसे इथे शेजारी म्हणून नांदत होती. त्यांना संरक्षण होते ते बादशहाचे. जानेवारी १५१९ मध्ये बादशहा माक्सिमिलियन वारला, आणि पुढच्याच महिन्यात नगरसभेने ज्यूंना गाव सोडून जाण्याचा हुकूम काढला. सिनेगॉग पाडले. कबरस्तान उद्ध्वस्त केले आणि तिथले दगड गावातल्या बांधकामांना वापरले. हिब्रू अक्षरे कोरलेले ते दगड आजही काही घरांच्या भिंतींत दिसतात. तयार दगड, फुकट दगड! बाईंनी आधीचे वाक्य पुन्हा उच्चारले नाही. त्याची गरजही नव्हती.

आणखी एक तपशील त्यांनी सांगितला तो मला विसरता येत नाही. आल्ब्रेश्ट आल्टडोर्फर हा त्या काळचा मोठा चित्रकार याच गावचा, आणि नगरसभेचा सदस्यही. सिनेगॉग पाडण्यापूर्वी त्याने आत जाऊन त्याची दोन रेखाटने केली, धातूच्या पत्र्यावर कोरली. ती आज उपलब्ध आहेत; ते सिनेगॉग आतून कसे दिसे हे आपल्याला त्यांच्यामुळेच कळते. ज्या सभेने वास्तू पाडली तिच्यातल्याच एका माणसाच्या हातून तिची आठवण उरली. कलावंताला सौंदर्य दिसते म्हणून त्याला अन्यायही दिसतोच, असे नाही.

नातीने विचारले, “मग ती माणसे गेली कुठे?” बाई म्हणाल्या, “काही नदीपलीकडे, श्टाटआमहोफमध्ये. काही फार लांब.” मग म्हणाल्या, “माझ्या लहानपणी या चौकात आम्ही खेळायचो. पायाखाली काय आहे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.”

१९९५ ते १९९८ या काळात चौकात उत्खनन झाले. घरांची तळघरे सापडली, सोन्याच्या नाण्यांचा एक साठा सापडला आणि सिनेगॉगचा पायाही. त्या पायाच्या आराखड्यावर दानी कारावान या इस्रायली शिल्पकाराने २००५ मध्ये पांढऱ्या दगडाची रचना केली. तिला कुंपण नाही. लोक तिच्यावर बसून आइसक्रीम खातात, मुले उड्या मारतात. ‘हे स्मारक आहे, उतरा खाली’ असे कोणी ओरडत नाही. माणसांनी एकत्र बसावे, हाच तिचा हेतू.

पुढचा हिशेब बाईंनी तारखांतच मांडला. ज्यू परतले, १९१२ मध्ये नवे सिनेगॉग झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी ते जाळले. त्याच जागी फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा एक उभे राहिले, हकालपट्टीला बरोबर पाचशे वर्षे झाली तेव्हा. कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूला ज्यूंची विटंबना करणारे एक मध्ययुगीन शिल्प आहे. तेही त्यांनी बोट करून दाखवले आणि त्याविषयीची पाटी वाचायला लावली.

शेवटी त्यांनी डाखाऊप्लाट्झ या चौकात नेले. २३ एप्रिल १९४५. अमेरिकन सैन्य जवळ आलेले. गाव न लढता स्वाधीन करा, असे म्हणत लोक जमले. कॅथेड्रलचे धर्मोपदेशक योहान मायर यांनी ती मागणी शांतपणे मांडली. त्यांना पकडले, आणि रात्र सरण्याच्या आत फाशी दिली. त्या प्रकरणात आणखी दोघांचा जीव गेला. तीनच दिवसांनी गाव न लढताच स्वाधीन झाले. आणि ज्या गावाने आपल्या शेजाऱ्यांना हाकलले, जाळले, त्याच गावातल्या गोलियाथचे भित्तिचित्र असलेल्या घरात, हजाराहून अधिक ज्यूंचे प्राण वाचवणारा ऑस्कर शिंडलर युद्धानंतर काही काळ राहिला. एकाच गावाच्या दगडांत हे सगळे आहे.

आता यावर आक्षेप येणार, आणि ते रास्त आहेत. पहिला पैशाचा. स्वतंत्र वाटाड्या म्हणजे श्रीमंती चाळे, असे वाटते. पण ही फी बहुधा माणशी नसते, गटाची असते. चार-सहा जणांनी वाटून घेतली तर ती एखाद्या बऱ्या हॉटेलातल्या जेवणाएवढी होते. दुसरा आक्षेप असा, की ही सगळी माहिती फोनवर मिळते. मिळते. पण नातीचा प्रश्न फोनला ऐकू आला नसता, आणि उत्तर देण्याआधी बाई जी क्षणभर थांबल्या, ते थांबणेही फोनला जमले नसते.

तिसरा आक्षेप मोठा आहे. सुट्टीत, मुलांसमोर, हे दुःख कशाला? मलाही हा प्रश्न हलका वाटत नाही. पण रेगेन्सबुर्गच्या जुन्या भागात सुमारे हजार वारसा-इमारती उभ्या आहेत, २००६ पासून तो जागतिक वारसा आहे, आणि या वैभवाचे कारण कोणाचे पुण्य नव्हे. संसद गेली, व्यापार आटला, जुने पाडून नवे बांधायला पैसा उरला नाही, म्हणून जुने टिकले. महायुद्धात बाँब पडले ते प्रामुख्याने विमानांच्या कारखान्यावर. गरिबी आणि दैव यांनी हे गाव राखले. हे न सांगता नुसते ‘किती सुंदर!’ म्हणायला शिकवले, तर सुंदर गावातली माणसेही सुंदरच असणार, असे मुलांना वाटू लागते. नात त्या दिवशी उदास झाली नाही. ती संध्याकाळभर भिंती पाहात होती.

आणि खरी अडचण आपलीच आहे. आपल्याकडे पाहुणा आला, की आपण त्याला देवळाचा कळस दाखवतो, वाड्याचे कोरीव खांब दाखवतो. ज्या विहिरीवर गावातल्याच काही माणसांना पाणी भरू दिले जात नव्हते, ती विहीर दाखवतो का? तिच्यापाशी पाटी आहे का? गावाची बदनामी होईल, असे आपल्याला वाटते. रेगेन्सबुर्गची बदनामी झाली नाही. उलट, खरे बोलणाऱ्या माणसाबद्दल वाटतो तसा भरवसा त्या गावाबद्दल वाटला.

तेव्हा पुढच्या सहलीचा कागद हातात आला, की एक ठिकाण खोडा. नावाजलेले नसले तरी चालेल, असे एक जुने गाव निवडा. बहुतेक गावांच्या पर्यटन कार्यालयातून वाटाड्या आधी ठरवता येतो. ठरवताना त्याला एकच सांगा, ‘तुमच्या स्वतःच्या मुलांना जे दाखवाल, ते आम्हाला दाखवा.’ दोन तासांहून जास्त नको. पाय दमले की कान बंद होतात. वेळ ठरली असेल त्याच्या पाच मिनिटे आधी पोचा, कारण ही माणसे घड्याळाची पक्की असतात. रेगेन्सबुर्गलाच गेलात, तर शेवट पुलाशेजारच्या जुन्या सॉसेज-खानावळीत करा. शाकाहारी मंडळींना मात्र तिथे नदी पाहण्यावरच समाधान मानावे लागेल.