पात्रता रुग्णाची, परीक्षा घराची



माझी पस्तीस वर्षांची नोकरी बहुतांशी कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. अर्जदाराला पैशाची निकड हवी आणि फेडण्याची ऐपतही हवी. दोहोंपैकी एक नसेल तर अर्ज परत जाई. हाच नियम निवृत्तीनंतर रुग्णालयात ऐकावा लागेल असे वाटले नव्हते. गेल्या वर्षी नाशिकच्या एका कापड व्यापारी स्नेह्यांसोबत मुंबईस गेलो होतो. फुफ्फुस प्रत्यारोपणासाठी त्यांची तपासणी होती. डॉक्टर म्हणाले, “प्रत्यारोपणावाचून ज्याचे आयुष्य थोडेच उरले आहे, त्याच्याचसाठी ही शस्त्रक्रिया आहे, परंतु ती सोसण्याचे बळही त्याच्या अंगी असले पाहिजे.”

आमचे स्नेही त्या दिवशी अपात्र ठरले. दिवसातील सोळा तास ऑक्सिजनच्या यंत्रावर, म्हणजे निकड पुरेपूर होती. परंतु पाच फूट सात इंच उंचीच्या या गृहस्थांचे वजन अवघे बेचाळीस किलो भरले. दम लागत असतानाही त्यांनी एकासणे सोडली नव्हती आणि हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलेही नव्हते.

दुसरा प्रश्न आजाराच्या मुळाचा. या गृहस्थांनी आयुष्यात विडीला स्पर्श केला नाही. मात्र चाळीस वर्षे रोज पहाटे गच्चीवर कबुतरांना ज्वारी घातली. कबुतरांच्या विष्ठेतील व पिसांतील सूक्ष्म कण सतत श्वासावाटे गेल्यास काहींच्या फुफ्फुसांत दाह होतो आणि पुढे ती निबर होत जातात. सर्वांनाच हा विकार जडत नाही, पण ज्यांची फुफ्फुसे एकदा निबर होतात त्यांची ती पूर्ववत होत नाहीत. फुफ्फुसे निबर करणाऱ्या आजारांची देशातील १९ शहरांत झालेली नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत १,०८४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना अशाच, श्वासातून जाणाऱ्या कणांमुळे होणाऱ्या दाहाचा विकार आढळला. पक्ष्यांप्रमाणेच घरातील एअर कूलरची ओल व बुरशी हेही त्याचे कारण असू शकते.

हे ऐकून भाभींचे डोळे भरून आले. “भाऊसाहेब, चाळीस वर्षांच्या पुण्याचे हे फळ का?” मी इतकेच म्हणालो, “पुण्य दयेचे आहे भाभी, गच्चीचे नव्हे. तेच धान्य पांजरापोळात गेले तर दया कमी होत नाही.” दुसऱ्या दिवसापासून गच्चीवरचे दाणे बंद झाले. ज्या घरात कोणाला दीर्घकाळ कोरडा खोकला व जिना चढताना दम आहे, त्या घराने छातीच्या तज्ज्ञाला कबुतरांची गोष्ट आपण होऊन सांगावी.

आता तयारीविषयी. मानवी फुफ्फुसाचे पहिले प्रत्यारोपण १९६३ साली अमेरिकेत झाले. तो रुग्ण अठरा दिवस जगला. दीर्घकाळ टिकणारे यश १९८३ साली टोरांटोत मिळाले. आज जगभरात निम्म्याहून अधिक रुग्ण पाच वर्षांपलीकडे जगतात. म्हणजेच ही हमखास परताव्याची ठेव नव्हे, हे घरातील सर्वांनी आधी समजून घ्यावे.

तपासण्यांची यादी लांब आहे: श्वसनक्षमता, छातीचा सीटी स्कॅन, सहा मिनिटांत किती मीटर चालता येते ते, हृदयाच्या रक्तवाहिन्या, फुफ्फुसातील रक्तदाब, मूत्रपिंड व यकृत, क्षयरोग व कावीळ, हाडांची घनता, अगदी दातसुद्धा. तंबाखू, कोणत्याही रूपात, चालत नाही. अलीकडेच कर्करोग होऊन गेला असेल तर बहुधा थांबावे लागते. शेवटी समुपदेशक घरच्यांनाच विचारतात, की औषधे वेळेवर कोण देईल आणि रात्री सोबत कोण राहील? आमच्या स्नेह्यांच्या दोन्ही सुनांनी पाळ्या लिहून दिल्या.

पुढील पाच महिने डाळी, दूध, पनीर, तूप असे दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खाणे आणि नाकाला नळी लावून घराच्या व्हरांड्यात चालणे, असा क्रम चालला. वजन पन्नासवर आले आणि नाव यादीत लागले.

या यादीत पैसा वा वशिला चालत नाही. १९९४ च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. दात्याचा रक्तगट जुळावा लागतो, छातीचे मापही जुळावे लागते. २०२३ पासून नोंदणीसाठी अधिवासाची अट उरलेली नाही आणि पासष्ट वर्षांची वयोमर्यादाही काढली आहे. तथापि प्रकृतीचा निर्णय रुग्णालयाचाच. शरीराबाहेर काढलेले फुफ्फुस जेमतेम सहा तास टिकते आणि कसारा घाटात गाडी किती वेळ अडकेल हे कोणी सांगावे? म्हणून कुटुंबाने मुंबईत भाड्याची खोली घेतली. शस्त्रक्रियेचा खर्च पंचवीस-तीस लाखांच्या घरात असतो. त्याखेरीज खोलीचे भाडे व आजन्म औषधे यांची तरतूद आधीच वेगळी काढावी. दुकानाच्या भांडवलाला हात घालून केलेली तरतूद वर्षभरातच तोकडी पडते.

औषधांविषयी एक गोष्ट आपल्या घरांसाठी महत्त्वाची आहे. शरीराने नवे फुफ्फुस नाकारू नये म्हणून द्यावयाच्या मुख्य गोळ्या बारा-बारा तासांनी, जन्मभर घ्याव्या लागतात. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्योदय ते सूर्यास्त बारा तासही भरत नाहीत. मग चौविहारी माणसाने काय करावे? आमच्या स्नेह्यांनी महाराजसाहेबांना विचारले. पच्चक्खाणातही आगार असतात, हे महाराजसाहेबांनी शांतपणे समजावले. आपणही हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावा आणि उत्तर डॉक्टरांच्या कानी घालावे. लपवलेला उपवास हा लपवलेल्या कर्जासारखा असतो. तो उघड होतो तेव्हा उशीर झालेला असतो. उलट उकळलेले पाणी व ताजे अन्न ही आपली सवय अशा रुग्णाला मोठी उपयोगी पडते.

हे लिहीत असताना आमचे स्नेही मुंबईतच आहेत. एकदा मध्यरात्री फोन आला, सर्वजण धावले. पण दात्याचे फुफ्फुस योग्य नसल्याने पहाटे परतले. भाभी म्हणाल्या, “आपण ज्या फोनची वाट पाहतो, तो कोणाच्या तरी घरच्या आकांतातून येतो. मग आपले नाव नुसते घेणाऱ्यांच्याच यादीत का असावे?” त्याच आठवड्यात भाभी, दोन्ही मुलगे आणि सुना यांनी ‘नोट्टो’च्या संकेतस्थळावर अवयवदानाचा संकल्प नोंदवला. संकल्प केला तरी मेंदूमृत्यूनंतर संमती नातेवाइकांनाच द्यावी लागते. म्हणून ही गोष्ट जेवताना, घरच्या सर्वांसमक्ष बोलून ठेवावी, हीच विनंती.