गोळी चुकली, पुढे काय?

पुण्यात पानिपतचा विषय निघाला की 'जर' आणि 'तर' लगेच हजर होतात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या लढाईत, जी मराठे हरले, पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना गोळी लागली नसती तर? कट्ट्यावर, व्याख्यानमालेत, दिवाळी अंकांत हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चघळला गेला. खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार डॉ. जयंत नारळीकर यांनी तो उचलला आणि 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत शास्त्रज्ञाच्या शिस्तीने तडीस नेला.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून जिजामाता एक्स्प्रेसने मुंबईला निघतात. पण ते पोहोचतात एका वेगळ्याच जगात. तिथल्या मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य आहे! टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्यांना स्वतःच्याच नावावरचा इतिहास सापडतो. त्याचे चार खंड ओळखीचे आहेत, पाचवा मात्र नाही. त्यात मराठे पानिपत जिंकले आहेत. तिथल्या बखरीनुसार गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली.

वाचकांच्या लक्षात राहते ती ही गोळी. पण कथेचे खरे मर्म त्या पाचव्या खंडात पुढे आहे. विजयानंतर पेशव्यांनी युरोपात उगवणारे यंत्रयुग ओळखले आणि विज्ञान-तंत्रज्ञानाची स्वतःची केंद्रे उभारली. कंपनीची मदत आणि तज्ज्ञ घेतले ते फक्त ही केंद्रे स्वयंपूर्ण करण्यापुरते. विसाव्या शतकात त्या राज्यात लोकशाही रुजली. नेम चुकणे हा निव्वळ योगायोग, त्यानंतरचे सगळे माणसांनी ठरवून केलेले.

अमेरिकी लेखक फिलिप के. डिक यांच्या १९६२ मधल्या 'द मॅन इन द हाय कॅसल' या कादंबरीतही गोळीच इतिहास वळवते. १९३३ मध्ये रूझवेल्ट यांच्यावरचा हल्ला फसला होता. डिक यांच्या जगात तो यशस्वी होतो आणि पुढे जर्मनी व जपान महायुद्ध जिंकतात. तिथे पराभूत देशाची घुसमट आहे. नारळीकरांचा रोख एका समाजाने मिळालेल्या संधीचे काय केले, याकडे आहे.

नारळीकरांच्या कथेत गंगाधरपंत आपल्या जगात परत येतात तेव्हा त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे आधी या सगळ्याला कल्पनेचा खेळ समजतात. मग पंतांच्या खिशातून त्या बखरीचे फाटलेले पान निघते आणि चर्चेचा सूरच बदलतो. इलेक्ट्रॉनची वाट आधीपासून निश्चित सांगता येत नाही, वास्तव एकच असते असे नाही, ही मांडणी त्यानंतर येते. भौतिकशास्त्रात ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये अशाच अनेक विश्वांचा विचार गणिती रूपात मांडला होता. पण इथे महत्त्व क्रमाला आहे. आधी पुरावा, मग सिद्धान्त.

हाच क्रम नारळीकरांनी प्रत्यक्षातही पाळला. २००८ च्या सुमारास त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० अशा २०० कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाकडे ४० कुंडल्या पाठवल्या, कोणती कोणाची ते ओळखायचे होते. २७ जणांनी उत्तरे दिली. सरासरी अचूकता ४६ टक्के निघाली. नाणे उडवून उत्तर दिले असते, तरी अचूकता ५० टक्क्यांच्या आसपास गेली असती. ज्योतिषावर नुसती टीका करणे सोपे होते. त्यांनी आकडे जमवले, निष्कर्ष प्रसिद्ध केला. वैज्ञानिकाची जबाबदारी म्हणतात ती ही.

आणि पाचव्या खंडातल्या केंद्रांचे काय? १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था सुरू झाली. नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते, २००३ पर्यंत. खगोलशास्त्राची साधने देशभरच्या विद्यापीठांतल्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना खुली करणे हा तिचा हेतू. शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने तिथेच सुरू झाली. लेखकाने कागदावर जे मागितले, ते वैज्ञानिक म्हणून आपल्या शहरात उभे केले. असे क्वचित घडते.

२० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात निवर्तले. आज मोबाइलवर रोज नवा 'पर्यायी' इतिहास येऊन आदळतो. त्यात गौरव भरपूर असतो, फाटलेले पान मात्र कुठेच नसते. पराक्रमाच्या गोष्टी सांगताना कारखाने, शाळा, प्रयोगशाळा यांचा हिशेब कोणी मांडत नाही. अशा वेळी नारळीकरांची कथा केवळ रंजनासाठी वाचणे म्हणजे तिचा अर्धा भाग गाळणे होय.

या कथेचे इंग्रजी रूप 'द अॅडव्हेंचर' या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आले. मराठी शिक्षकांना एक विनंती. वर्गात मूळ मराठी कथाही वाचून घ्या आणि विश्वासराव वाचले, इथे थांबू नका. ते वाचल्यावर राज्यकर्त्यांनी काय उभारले, आणि आपण आज काय उभारतो आहोत, यावर मुलांना एक पानभर लिहायला सांगा.