फंडाच्या पैशाचा फ्लॅट




रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात माझे जुने विद्यार्थी भेटतात. त्यातले काही आता स्वतःच निवृत्तीला आलेत. गेल्या वर्षभरात तिघाचौघांनी एकच प्रश्न विचारला, "सर, फंडाचे पैसे येणार आहेत. एक फ्लॅट घेऊन भाड्याने लावू का? म्हातारपणी महिन्याला काहीतरी येत राहील." उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहावं म्हटलं. मी स्वतः हा उद्योग करून बसलोय, तेवढाच माझा अधिकार.

आधी फळ्यावर हिशेब मांडू. तीस लाखांचा फ्लॅट, महिना नऊ हजार भाडे. वर्षाचे झाले १,०८,००० रुपये. त्यातून घरपट्टी, मेंटेनन्स, रंगकाम, नळदुरुस्ती आणि एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंतचा रिकामा काळ वजा करा. नव्वद हजार हातात पडले तरी पुष्कळ. म्हणजे शेकडा तीन. खरेदीच्या वेळी नोंदणी आणि स्टॅम्प ड्युटीला गेलेले वेगळेच. साठी ओलांडलेल्याने तेच तीस लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर २०२३ पासून मिळत असलेल्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज होते. एका माणसाला तिथे तीस लाखांचीच मर्यादा आहे. कर दोन्हीकडे लागू होतो. घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर दुरुस्तीपोटी ३० टक्के वजावट मिळते, एवढा फरक.

"पण सर, घराची किंमत वाढते की!" वाढते, नाही कोण म्हणतो? व्याजावर बसलेल्याचे मुद्दल मात्र महागाईत झिजत जाते, हेही खरे. पण वाढलेली किंमत औषधाच्या दुकानात चालत नाही. ऑपरेशन निघालं तर फ्लॅटची एक खोली तोडून विकता येत नाही. म्हणून माझं मत सरळ आहे. दोन-तीन वर्षांचा घरखर्च आणि आजारपणाची सोय बाजूला काढून जे उरेल, त्यातूनच घर घ्या. कर्ज काढून तर मुळीच नको, कारण भाड्यातून हप्ता फिटत नाही. राहत्या घराला माडी असेल तर तिथेच एक खोली, वेगळे संडास-बाथरूम आणि स्वतंत्र दरवाजा काढा. खर्च कमी आणि भाडेकरू डोळ्यांसमोर.

घ्यायचेच ठरवले तर आधी कागद बघा. बुडाची मंजुरी, ई-खाता, बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला. बॉण्ड पेपरवर मिळणारी स्वस्त जागा आपल्या बेळगावात अनेकांना महाग पडली आहे. करार लेखी करा. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर नोंदणी सक्तीची आहे. भाड्याऐवजी एकरकमी पैसे घेऊन 'लीज'वर देणार असाल, तर ती रक्कम परत करायची आहे हे विसरू नका. लीजच्या पैशात मुलीचं लग्न उरकू नये.

आता माझी चूक. निवृत्तीनंतर घेतलेला फ्लॅट मी 'आपल्यातल्याच' एका कुटुंबाला दिला. चर्चमधली ओळख, मग करार कशाला? सात महिन्यांचं भाडं थकलं. दर रविवारी तोंड कसं मागायचं म्हणून मी गप्प राहिलो. शेवटी डिपॉझिटही पुरलं नाही आणि ओळखही गेली.

त्यानंतर त्या फ्लॅटमध्ये एक मुसलमान नर्स आपल्या आईसह राहिली. नऊ वर्षे. पाच तारीख कधी चुकली नाही.

हे मुद्दाम लिहितोय. नोकरीला लागलो तेव्हा मी याच शहरात खोली शोधत हिंडलो होतो. आडनाव ऐकलं की मालक म्हणायचे, "बघून सांगतो." तीन ठिकाणी असं झालं. चौथ्या ठिकाणी गळ्यात तुळशीची माळ असलेल्या एका आजींनी खोली दिली. अट एकच, घरात मासे शिजवायचे नाहीत. लग्न होईपर्यंत, सहा वर्षे, मी ती पाळली. आज आपलीच माणसं "फक्त ख्रिस्ती कुटुंबालाच देणार" म्हणतात, तेव्हा मला त्या तीन दारांची आठवण होते. भाडेकरूला नोकरी विचारा, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर घ्या, घरात माणसं किती ते विचारा. अट असेल तर आजींसारखी तोंडावर सांगा. जात-धर्म विचारून भाडं वेळेवर येत नाही, हे मी पैसे मोजून शिकलोय.

तेव्हा बाळांनो, फ्लॅट घ्यायचा की नाही हे हिशेब करून ठरवा. घेतलात, तर दारात आलेल्याला "बघून सांगतो" म्हणून परत पाठवू नका.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
कॅम्प, बेळगाव