विम्याचा दावा : आधार कोणाचा घ्यावा?

२२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला आणि अडकलेल्या ग्रामस्थांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर पाठवावी लागली. अशा प्रसंगी जीव वाचणे हेच सर्वांत मोठे. परंतु पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेले घर आणि भिजलेले दुकान समोर उभे राहते, तेव्हा दुसरी परीक्षा सुरू होते. विमा असला तरी भरपाई आपोआप हाती येत नाही. नुकसान सिद्ध करावे लागते. त्यासाठी मदत कोणाची घ्यावी, याचा या वेळी विचार करू.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. पाहणीस येणारा सर्व्हेअर हा आपला प्रतिनिधी नव्हे. तो परवानाधारक तज्ज्ञ असतो, त्याला कंपनी नेमते आणि त्याचे शुल्कही कंपनीच देते. त्याने निःपक्षपाती राहावे ही अपेक्षा आहेच. पण आपली बाजू मांडणे हे त्याचे काम नाही. त्याच्यासाठी चहापाण्याची नव्हे, कागदपत्रांची तयारी ठेवावी. त्याचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र तो खोडावयाचा तर पुरावा हवा, आणि तो उभा करणारा माणूस आपण निवडावयाचा असतो.

ही निवड नुकसानीच्या स्वरूपावरून करावी. भिंत खचली असेल तर स्थापत्य अभियंत्याकडून मोजमापासह खर्चाचे अंदाजपत्रक घ्यावे. घरासाठीच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत अशा तज्ज्ञाचे वाजवी शुल्क दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत मिळू शकते. माल भिजला असेल तर आपले हिशेब जाणणारा सनदी लेखापाल अधिक उपयोगी. पॉलिसी परवानाधारक ब्रोकरमार्फत घेतली असेल तर त्याचे साहाय्य हक्काने मागावे. मात्र ‘पूर्ण रक्कम मिळवून देतो, इतके टक्के द्या’ म्हणत कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्यास दारातूनच नमस्कार करावा.

उत्तम सल्लागारही कमी रकमेच्या विम्याची भरपाई करू शकत नाही. दुकानात २० लाखांचा माल आणि विमा १० लाखांचाच असेल, तर ४ लाखांच्या नुकसानीपोटी साधारण २ लाखच मंजूर होतात. लहान व्यवसायांच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढे नाही.

आपल्या व्यापारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट मनाशी प्रामाणिकपणे तपासावी. कर्जासाठी बँकेला दाखविलेला साठा, वहीतील साठा आणि दाव्यातील साठा हे तीन आकडे जुळतात काय? जुळत नसतील तर खऱ्या नुकसानीवरही संशयाची छाया पडते. फुगविलेला आकडा संपूर्ण दावाच बुडवू शकतो. अशा वेळी सत्य हे केवळ व्रत राहत नाही, तोच सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

दावा नाकारला गेला किंवा रक्कम अपुरी वाटली, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. व्यक्तींप्रमाणेच एकल मालकीचे व सूक्ष्म उद्योगही तेथे दाद मागू शकतात. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा. तेथे साधारणतः दोन वर्षांची मुदत असते आणि गुंतागुंतीच्या प्रकरणात जाणकार वकील उपयोगी पडतो. मात्र ‘संपूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या पावतीवर घाईने सही करू नये. करावीच लागली तर आपली हरकत लेखी नोंदवावी.

पावसाळ्यापूर्वी एक दुपार काढून घर-दुकानाची छायाचित्रे, बिले व पॉलिसी यांच्या प्रती दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुला-मुलीकडे पाठवून ठेवाव्यात. पुराच्या पाण्यात वही भिजते. दूर ठेवलेली तिची प्रत कोरडी राहते.