वानरांचा उपद्रव व त्यांचें रक्षण

हरभरा घाट्यावर आला आणि तुरीच्या शेंगा भरूं लागल्या कीं आमच्या परभणी जिल्ह्यांतील अनेक गांवांत एकच तक्रार कानीं येते; ती वानरांची. रानडुकरें रात्रीं येतात, हरणें पहाटे येतात. परंतु वानरांचा कळप भर दिवसां, धन्याच्या डोळ्यांदेखत शेतांत उतरतो. तो खातो थोडें आणि मोडतो फार. ज्या कुटुंबाचें पीक असें घटकाभरांत तुडविलें जातें, त्याला प्राणिरक्षणाचा कोरडा उपदेश करणें आम्हांस शोभणारें नाहीं. कारण आम्हीही शेतकरीच आहों, व गोफण घेऊन बांधावर बसण्याचा प्रसंग आमच्यावरही येतो. तथापि या प्रश्नावर चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ज्याच्यापासून राखण करावयाची त्याची ओळख करून घेतल्यावांचून राखण साधत नाहीं. आणि ती ओळख झाली म्हणजे वानराच्या नाशांत शेतकऱ्याचें हित नाहीं, हेंही ध्यानांत येतें.

प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, आपण ज्यांना सरसकट माकडें म्हणतों ते प्राणी एका जातीचे नाहींत. काळ्या तोंडाचें, राखी अंगाचें, लांब शेपटीचें तें वानर. तांबूस तोंडाचें, आंखूड बांध्याचें तें माकड. वानर मुख्यतः पाल्यावर जगतें. त्याच्या जठराला बैलाच्या कोठ्याप्रमाणें कप्पे असतात, व तेथें सूक्ष्म जंतूंच्या साह्यानें पाला आंबून पचतो. मात्र तें बैलासारखें रवंथ करीत नाहीं. माकडाच्या गालांत पिशव्या असतात. हातीं येईल तें त्यांत कोंबून तें पळ काढतें. आणि फळ, दाणा, किडा, शिळी भाकरी, कांहींच वर्ज्य मानीत नाहीं. वानराला अशा पिशव्या नसतात. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. पुरेसा पाला असला तर वानर रानांत राहूं शकतें. माकड मात्र उकिरडा व प्रसाद यांच्या मागें गांवांत शिरतें. म्हणून एकाचा उपाय दुसऱ्यास जशाचा तसा लागू पडत नाहीं.

वानरांच्या कळपांत बहुधा एकच प्रौढ नर असतो. त्यालाच आपण हुप्प्या म्हणतों. बाकीच्या माद्या व त्यांचीं पिलें. मोकळे नर निराळी टोळी करून हिंडतात, व संधि सांपडतांच हुप्प्याला हांकून लावून कळप बळकावतात. सुगियामा नांवाच्या जपानी शास्त्रज्ञानें १९६१ सालापासून धारवाडच्या रानांत वानरांचें निरीक्षण केलें, आणि नवा नर जुन्याचीं पिलें मारून टाकतो हें १९६५ सालीं जगापुढें मांडलें. पिलूं मेलें कीं मादी लवकर पुन्हां गाभण राहते. यावरून शेतकऱ्यानें घ्यावयाचा बोध असा कीं, हुप्प्या तेवढा पकडून नेला म्हणजे उपद्रव संपला हा समज चुकीचा आहे. त्याची जागा दुसरा घेतो. माद्या त्याच राहतात, आणि त्यांची शेताकडे येण्याची वाटही तीच राहते.

ओळख नसली म्हणजे काय होतें, हें शेजारच्या बीड जिल्ह्यांत दिसून आलें. २०२१ च्या डिसेंबरांत माजलगांव तालुक्यांतील लवूळ गांवीं, वानरें कुत्र्यांचीं पिलें उचलून उंचावर नेतात व तीं पिलें मरतात, असा बोभाटा झाला. वनखात्यानें दोन वानरें पकडून नेलीं. तोंवर, वानरांनीं कुत्र्यांवर सूड उगविला, ही बातमी साऱ्या जगांत पसरली होती, आणि मेलेल्या पिलांचा आंकडा अडीचशेंपर्यंत चढविण्यांत आला होता. गांवांतील लोक स्वतः त्याहून पुष्कळ कमी सांगत होते. वानर हा कांहीं कुत्रीं मारून खाणारा प्राणी नव्हे. पिलूं उचलून उराशीं धरणें ही मात्र त्याच्या जातीची संवयच आहे. कळपांत एकीचें पोर दुसरी वाहते. उराशीं धरलेलें कुत्र्याचें पिलूं वर झाडावर उपाशी राहतें वा खालीं पडतें, एवढा साधा अर्थ सूडाच्या गोष्टीखालीं दडपून गेला. भय वाढलें, पीक कोणाचेंही वांचलें नाहीं.

याच मराठवाड्यांत दुसरें चित्रही आहे. धाराशिव जिल्ह्यांतील उपळा गांवीं ३२ एकर जमीन गांवच्या माकडांच्या नांवें कागदोपत्रीं नोंदलेली आहे. २०२२ सालीं ही गोष्ट वृत्तपत्रांत आली, तेव्हां ती नोंद कोणी व केव्हां केली हें गांवकऱ्यांसही सांगतां आलें नाहीं. त्या जमिनीवर वनखात्यानें झाडें लावलीं आहेत. शहरांतील वाचकांस ही गोष्ट मौजेची वाटली असेल. आम्हांस तींत जुन्या माणसांचा व्यवहार दिसतो. ज्याला सर्वत्र हांकतां येत नाहीं, त्याचा वांटा एके ठिकाणीं काढून ठेवावा म्हणजे तो सर्वांच्या ताटांत हात घालणार नाहीं, एवढा हिशेब त्यांनीं केला असावा, असा आमचा तर्क आहे.

आम्हीं परभणीकरांनीं मात्र हा वांटा हळूहळू काढून घेतला आहे. आमची काळी जमीन बांधापासून बांधापर्यंत नांगराखालीं आली. रान म्हणण्यासारखें कांहीं उरलें तें जिंतूरच्या डोंगरांत व गंगाखेडकडील बालाघाटाच्या रांगेंत. बांधावरचे वड, पिंपळ, उंबर, चिंचा गेल्या. कांहीं वीटभट्टींत गेल्या, कांहीं रस्ता रुंद करतांना गेल्या, आणि पुष्कळ, सांवलीनें पीक दबतें म्हणून आपल्याच कुऱ्हाडीनें गेल्या. पाला गेला, आणि पाला खाणारा प्राणी मात्र जागेवर राहिला. हरभऱ्याचा कोंवळा घाटा त्याला पाल्यापेक्षां सोपा व सकस आहे. तो शेतांत उतरला याचें नवल काय?

हीच कथा साऱ्या जगाची आहे. वानर, माकड, गिबन, गोरिला व आपण स्वतः ज्या गणांत मोडतों त्यास शास्त्रांत नरवानरगण म्हणतात. त्याच्या पांचशेंहून अधिक जाती आहेत. २०१७ सालीं अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं मिळून काढलेला निष्कर्ष असा कीं, त्यांपैकीं सुमारें ६० टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यांत आहेत व सुमारें ७५ टक्के जातींची संख्या घटत आहे. मुख्य कारण म्हणजे रान तोडून केलेली शेती. सुमात्रा व बोर्निओ या बेटांतील ओरांग-उटानाचें घर पामच्या मळ्यांनीं गिळलें. हें पामतेल जगांत सर्वांत अधिक आयात करणारा देश आपलाच आहे. तेव्हां ज्या तेलाच्या मळ्यांसाठीं तेथील रान गेलें, तेंच स्वस्त तेल येथें येऊन आमच्या सोयाबिनाचा भाव दाबतें. दूरच्या रानाशीं परभणीच्या शेतकऱ्याचा संबंध नाहीं असें ज्यांस वाटतें, त्यांनीं मोंढ्यांतील भावाकडे एकदां या दृष्टीनें पाहावें.

परंतु हें चित्र सर्वत्र काळेंच आहे असें नाहीं. ब्राझील देशांत रिओ दि जानेरो प्रांतांत सोनेरी आयाळीचें एक लहानसें माकड आहे. १९७० च्या सुमारास तीं माकडें रानांत अवघीं दोनशेंच्या आसपास उरलीं होतीं. प्राणिसंग्रहालयांत वाढविलेलीं माकडें १९८४ पासून तेथील रानांत सोडण्यांत आलीं, व जमीनमालकांनीं आपल्या जमिनींतील झाडीचे तुकडे राखून ते एकमेकांस जोडूं दिले. २०२३ सालच्या मोजणींत त्यांची संख्या सुमारें ४,८०० भरली. हें काम केवळ सरकारी रानावर झालें नाहीं. जमीनधारकांच्या खासगी जमिनीवरही झालें, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी.

आतां उपायांकडे वळूं. आपल्याकडे लोकांस प्रिय असलेला उपाय म्हणजे पकडून दूर सोडणें. महाराष्ट्र सरकारनें २०२५ मध्यें उपद्रवी माकडें व वानरें पकडणारांस पहिल्या दहांपर्यंत दर जनावरामागें ६०० रुपये देण्याचें ठरविलें. पकडण्यास आमचा सरसकट विरोध नाहीं. एखादें चावरें जनावर नेलेंच पाहिजे. परंतु आपल्या गांवचें जनावर उचलून दुसऱ्याच्या शिवारांत सोडणें म्हणजे आपल्या दारचा केर शेजाऱ्याच्या दारांत लोटणें होय. यांत दुसरेंही एक नुकसान आहे. तांबड्या तोंडाच्या माकडांत उत्तरेकडील ऱ्हीसस व दक्षिणेकडील टोपीमाकड अशा दोन जाती असून, पश्चिमेस तापी व पूर्वेस गोदावरी ही त्यांमधील जुनी शींव मानीत. जी गोदा आमच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम तालुक्यांतून वाहते, तीच पुढें पूर्वेकडे ही शींव राखीत आली. आज ऱ्हीसस दक्षिणेस सरकत आहे आणि टोपीमाकड मागें हटत आहे. माणसांनीं पकडून भलतीकडे सोडलेल्या माकडांचाही त्यास हातभार लागला आहे. टोपीमाकड दक्षिण भारताबाहेर जगांत कोठेंही नाहीं. २०२२ च्या दुरुस्तीनें तें वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत गेलें.

विष घालणें किंवा कुंपणांत विजेचा प्रवाह सोडणें हे उपाय आम्ही साफ त्याज्य मानतों. तो गुन्हा तर आहेच. शिवाय त्या तारेला पहिला हात वानराचाच लागेल असें नाहीं. आपला सालगडी, आपलें पोर, आपली गाय यांचाही लागतो. हिमाचल प्रदेशांत सरकारनें दीड लाखांहून अधिक माकडांची नसबंदी केली आहे. हा मार्ग खर्चाचा व वर्षानुवर्षें चालविण्याचा आहे. तरी ठार मारण्यापेक्षां तो बरा, व जेथें माकडें गांवांत बोकाळलीं आहेत तेथें सरकारनें तो हातीं घ्यावा.

आपल्या हातचें काम याहून सोपें आहे. मारुतीच्या देवळापाशीं व रस्त्याच्या कडेला फुटाणे, केळीं टाकण्याची चाल बंद करावी. मारुतीची भक्ति त्यानें उणी होत नाहीं, आणि माणसाच्या हातचें खाण्यास चटावलेलें जनावर मग हातांतलें हिसकावतें. राखण एकट्यानें न करतां लगतच्या शेतकऱ्यांनीं पाळीपाळीनें करावी. एका शेतांतून हांकलेला कळप दुसऱ्यांत जाऊन बसतो, तोंवर कोणाचीच राखण झाली असें होत नाहीं. झाडीलगतच्या पट्ट्यांत हरभऱ्याऐवजीं हळदीसारखें, वानरें ज्याला सहसा तोंड लावीत नाहींत असें पीक घ्यावें. गायरानांत व ओढ्याकांठीं उंबर, वड, पिंपळ लावावेत. झाडें लावल्यानें वानरें वाढतील अशी शंका कोणी घेईल. झाडें लावून शेत उघडें टाकलें तर ती शंका खरी ठरेल. म्हणून झाड व राखण हीं दोन्ही बरोबरच चाललीं पाहिजेत.

नुकसान झाल्यास गप्प बसूं नये. माकडांनीं केलेली पिकाची हानि राज्याच्या नुकसानभरपाईच्या नियमांत येते; तीन दिवसांचे आंत जवळच्या वनाधिकाऱ्याकडे तक्रार द्यावी व पंचनामा करून घ्यावा. केंद्र सरकारनेंही वन्यप्राण्यांनीं केलेलें नुकसान २०२६ च्या खरिपापासून पीकविम्यांत घेण्याचें जाहीर केलें असून, त्यासाठीं ७२ तासांची मुदत ठेविली आहे. भरपाई वेळेवर व पुरती मिळावी ही आमची मागणी आहे. ज्या राज्याला वानर राखावयाचें आहे, त्यानें त्याच्या राखणीचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकूं नये. तसेंच परभणीच्या कृषि विद्यापीठानें वनखात्यास बरोबर घेऊन जिल्ह्यांतील वानरांची व त्यांनीं केलेल्या नुकसानीची गांववार मोजणी करावी, असें आम्ही सुचवितों. मोजल्यावांचून भांडणें म्हणजे अंधारांत गोफण फिरविणें होय.

वानर आमच्या वावरांत आज आलेलें नाहीं. आमचे वाडवडील आणि त्याचे पूर्वज एकाच शिवारांत नांदले. त्यांनीं गोफणही फिरविली आणि उंबरही राखला. आम्हीं गोफण तेवढी हातांत ठेवली व उंबर तोडला. ही चूक दुरुस्त करणें अजून आपल्या हातीं आहे. येत्या पावसाळ्यांत प्रत्येक वाचकानें आपल्या गांवच्या गायरानांत निदान एक उंबर लावावा व तो जगवावा, एवढी विनंति करून आम्ही येथें थांबतों.