हूड घेताना नुसते माप पाहू नका

लग्नकार्यात फोटो काढणारे आमचे अनेक बांधव आता कॅननच्या आरएफ माउंटच्या छोट्या लेन्स वापरतात. २०२० साली आलेली ५० मिमी आणि २०२१ ची १६ मिमी, दोन्हींच्या फिल्टरच्या आट्यांचे माप ४३ मिमीच आहे. खोक्यात हूड मिळत नाही. मग गिऱ्हाईक दुकानात ‘४३ चा द्या’ म्हणते आणि दुकानदार देतो.

आमच्या मते चूक इथेच होते. कंपनीनेही या दोहोंसाठी वेगवेगळे हूड काढले आहेत: ५० ला ईएस-६५बी, १६ ला ईडब्ल्यू-६५सी. हूड किती खोल हवा, हे लेन्स किती रुंद दृश्य घेते त्यावर ठरते. ५० मिमीचा खोल हूड १६ वर चढवला की चारही कोपरे काळे. उलट १६ चा उथळ हूड ५० वर लावला, तर मंडपातल्या हॅलोजनचा तिरपा उजेड अडत नाही आणि नवरीच्या चेहऱ्यावर पांढुरकी झाक येते. लग्न काही पुन्हा लागत नाही!

स्वस्त हूडला आमचा विरोध नाही. मात्र आट्यांवर फिरवून बसवायचा पाकळ्यांचा हूड टाळावा. पाकळ्या तिरप्या थांबल्या तर कोपरे कापले जातात. विक्रेत्या बंधूंनी आधी लेन्स विचारावी. शक्य तर दुकानातच हूड लावून, एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून गिऱ्हाइकाला कोपरे दाखवावेत.